सगळं ठाऊक आहे, बोलत नाही एवढंच

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा या देशातल्या प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे. निकालपत्र ५४७ पानांचं. हिंगोली जिल्ह्यात ही बातमी पोचली ती पेपरातून, आणि पेपर रिवाजाप्रमाणे पारावर मोठ्याने वाचला गेला. ज्याने वर्गणी भरली होती त्याच्या हातात तो दुपारी पडला, शब्दकोडं भरलेलं आणि राशिभविष्यावर चहाचा गोल डाग. त्याच्या राशीला त्या दिवशी काय आहे हे तोवर सगळ्या आळीला पाठ झालं होतं.

पुढे २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. लोकांची माहिती सांभाळण्यात हयगय झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड. आकडा ऐकून बरं वाटलं. पण कायद्यात दोन गमतीच्या गोष्टी आहेत. एक, तो फक्त डिजिटल स्वरूपातल्या माहितीला लागू. दोन, एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती हाताळली, तर तिच्या वाटेला हा कायदा जात नाही. ही कलमं लिहिताना आमच्या शेजारच्या काकूच कुणाच्या तरी डोळ्यांपुढे असणार. काकूंचा सगळा व्यवहार तोंडी आणि हेतू शंभर टक्के घरगुती. दोन्ही कलमांनी त्यांना सन्मानाने सोडून दिलं आहे.

काकू ओट्यावर लसूण सोलत बसतात. मान खाली, हात चालू. त्यांना कॅमेरा लागत नाही. मोटारसायकलच्या आवाजावरून ती कुणाची हे त्या सांगतात आणि ती कुठल्या घरापुढे बंद पडली नसून बंद केली गेली, हेही. नांदेडच्या एसटीतून उतरलेल्या माणसाच्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट असेल तर दवाखाना, मिठाईचा पुडा असेल तर पाहुणपण आणि हात रिकामे असून तोंड उतरलेलं असेल तर कोर्ट. एवढं विश्लेषण करायला शहरातल्या कंपन्या इंजिनिअर ठेवतात. काकूंची चौथी झालेली आहे.

तुम्ही त्यांच्या समोरून गेलात की प्रश्न येणारच, "कुठं निघलाव?" बाहेरून आलेल्या माणसाला ही चौकशी वाटते. इथल्या माणसाला त्याचं उत्तर लहानपणापासून ठाऊक असतं, "इथंच." हे "इथंच" फार ऐसपैस आहे. त्यात मोंढा मावतो, वसमत मावतं, अंगात स्वेटर आणि हातात सुटकेस असेल तर दिल्लीही मावते. आणि एकदा "इथंच" म्हटलं की काकू दुसरा प्रश्न विचारत नाहीत. "हं" म्हणतात आणि पुढची पाकळी सोलायला घेतात. तुम्ही सांगायचं नाही असं ठरवलंय हे त्यांना कळलेलं असतं. तुम्ही कुठे निघालात हेही बहुतेक कळलेलं असतं. तुमच्या तोंडून मात्र त्या ते काढून घेत नाहीत.

ही विद्या सगळ्यांत चांगली कुणाला येत असेल तर फाट्यावरच्या चहावाल्याला. सोयरीक जमवायला निघालेले पाहुणे मुलाच्या घरी जाण्याआधी फाट्यावर उतरतात, चहा सांगतात आणि सहज विचारल्यासारखं विचारतात, "ते वाड्याशेजारचं घर, कसं काय हाय?"

चहावाला गाळणी झटकतो. "घर? एक नंबर. बारा एकर रान, विहिरीला पाणी, हळद दरसाल."

"माणसं?"

"बाप तर देवमाणूस. माय बी गरीब."

"आन् पोरगं?"

चहावाला कप फडक्याने पुसतो. आतून पुसतो, बाहेरून पुसतो, कानाच्या बेचक्यातून पुसतो. मग म्हणतो, "साखर कमी नाही ना झाली?"

पाहुणे चहा संपवतात, पैसे देतात आणि आल्या पावली परत जातात. चहावाल्याने मुलाबद्दल एक वावगा शब्द काढलेला नाही. उद्या मुलाच्या बापाने गळ्यावर हात ठेवायला सांगितला तरी तो शपथ घेऊ शकतो. एका पोरीचं आयुष्य वाचलं, एका बापाची अब्रू राहिली आणि तीन चहांचे पैसे गल्ल्यात पडले.

गुरांच्या बाजारात तर या विद्येला रुमाल होता. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबत, आणि बैलजोडीचा भाव ठरे. भोवती पन्नास माणसं उभी, सगळ्यांना सौदा चाललाय हे दिसतंय, आकडा मात्र दोघांनाच ठाऊक. व्हॉट्सॲपने २०१६ साली मोठा गाजावाजा करून जाहीर केलं की आता निरोप फक्त पाठवणारा आणि घेणारा यांनाच वाचता येईल. बैलबाजारातल्या दलालाला यात नवीन काय ते कळलं नसतं. शिवाय त्याच्या गिऱ्हाइकाने रुमालाखालचा आकडा नंतर एसटीत बसून स्पीकरवर लावला नव्हता. आमच्याकडे व्हॉट्सॲपचा निरोप सातासमुद्रापार कुलूपबंद प्रवास करून येतो आणि मग पुसद गाडीतल्या चाळीस माणसांना ऐकवला जातो, "ऐका ऐका, जावई काय म्हणायलेत ते."

म्हणजे इथे सगळ्यांना सगळं कळत होतंच. कळल्यावर काय करायचं याची एक रीत होती. आपल्याला कळलंय हे समोरच्याला दाखवायचं नाही, आणि त्याला लपवायला थोडी जागा ठेवायची. एवढ्या जागेत माणसं पिढ्यानपिढ्या सुखाने राहिली.

मग फाट्यावरच्या टपरीत पेटी आली.

ती चहाच्या बरण्यांशेजारी बसते आणि मोबाइलवरून पैसे आले की खणखणीत आवाजात जाहीर करते. तिला चहावाल्याची विद्या कुणी शिकवलेली नाही. गावात एकजण सहा महिने सांगतोय की सोयाबीनला भाव नाही, हातात दमडी नाही, तुमचे पैसे दिवाळीनंतर. ज्याला तो हे सांगतोय तो बाकड्यावर पाठमोरा बसलेला. मित्रांना भजी-चहा देऊन आपला माणूस पलीकडच्या बाजूने गुपचूप मोबाइल दाखवतो आणि पेटी ओरडते, "तीनशे चाळीस रुपये प्राप्त झाले!" बाकड्यावरची पाठ हळूहळू वळते. हल्ली चहावाला माणूस बघून सांगतो, "दादा, तुम्ही रोखच द्या." अर्थतज्ज्ञांनी गावात रोख व्यवहार का टिकून आहेत याचा अभ्यास करताना हा मुद्दा धरावा.

फोनने दुसरं मोठं नुकसान केलं ते "निरोप मिळालाच नाही" या वाक्याचं. मराठवाड्यातली निम्मी नाती या वाक्यावर उभी होती. बारशाला गेलो नाही, निरोप मिळाला नाही. उसने परत केले नाहीत, निरोप मिळाला नाही. निरोप्या पोरगा वाटेत गोट्या खेळत बसला असेल, असं दोन्ही बाजू मानून घेत आणि नातं पुढे चाले. आता दोन निळ्या खुणा येतात. निरोप मिळाला, वाचला, किती वाजता वाचला, आणि त्यानंतर रात्री बारापर्यंत तुम्ही जागे होतात, सगळं लेखी. "रेंज नव्हती" एवढा एकच आधार उरला आहे आणि सेनगाव, कळमनुरीकडच्या काही गावांत तो अजून खराही असतो. टॉवरची मागणी करणाऱ्या निवेदनावर सह्या करताना लोक थोडे घुटमळतात ते त्यामुळेच.

सरकारी यंत्राची तऱ्हा आणखी न्यारी. त्याला आपली जन्मतारीख हवी असते. आमच्या पिढीतल्या अर्ध्या लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच तारीख टाकली. ज्यांनी शाळा पाहिली नाही त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना आधार कार्डाने १ जानेवारी बहाल केली. आमची जन्मतारीख कुणी चोरली तरी त्याच्या हाती मास्तरांचीच कल्पनाशक्ती लागणार. दर १ जूनला फेसबुक मात्र गावातल्या पन्नास जणांना एकाच वेळी केक पाठवतं.

मग ओटीपी. ‘लाडकी बहीण’ योजनेच्या दीड हजारासाठी ई-केवायसी करायला सेवा केंद्रावर रांग लागली. आत पोरगा संगणकावर, बाहेर पन्नास बाया. सूचना स्पष्ट, ओटीपी कुणालाही सांगू नका. आजीचा आधारला जोडलेला नंबर चाकणला कंपनीत असलेल्या नातवाचा. आजीने फोन लावला, ऐकू येत नाही म्हणून स्पीकरवर. नातवाने आकडे सांगितले, आजीने ते रांगेला सांगितले, रांगेने एकसुरात खिडकीतल्या पोराला सांगितले. पोरगा म्हणाला, "शेवटचं सात की साठ?" रांग ओरडली, "सात!" सहा आकडी गुपित फाट्यापर्यंत ऐकू गेलं आणि कुणीही आजीला लुटलं नाही. ज्यांनी ऐकलं त्या सगळ्यांना आजीच्या खात्यात किती आहेत हे आधीपासून माहीत होतं.

रेशनच्या दुकानात याचीच दुसरी बाजू दिसते. जन्मभर खुरपणी केलेल्या आणि हळदीचे कंद फोडलेल्या बाईचा अंगठा मशीनवर लागत नाही, रेषाच झिजलेल्या. ओल्या फडक्याने पुसून लाव, दुसरं बोट लाव, डोक्याच्या केसांना घासून लाव. मशीन म्हणतं, ओळख पटली नाही. मागे उभ्या असलेल्या सगळ्यांना बाई कोण, कुणाची सून, तिचा खोकला कधीपासूनचा, हे पाठ आहे. पण त्यांची साक्ष मशीन घेत नाही.

आता गावाचं पुरेसं कौतुक झालं. हे सगळं लिहिणारा पुरुष आहे, आणि पुरुषाच्या वाट्याला गावाची डोळेझाक जरा सढळ हाताने येते. मोठ्या घरच्या पोराची रात्रीची दारू पाराला दिसत नाही. विधवेच्या दारात थांबलेली मोटारसायकल मात्र लांबून दिसते, नंबरासकट. तरण्या पोरीने कुणाकडे बघून हसलं तर ते हसू ती घरी पोचायच्या आधी घरी पोचलेलं असतं. बायांना स्वतःची खोली नव्हती. माहेरचं पत्र आलं तर शाळेत जाणारा पुतण्या ते सासूसमोर वाचून दाखवी, आणि आईने लिहिलेलं "तब्येतीला जप" हे वाक्य वाचताना सासूचं तोंड बघण्यासारखं होई. त्या बाईच्या हातात मोबाइल आला आणि त्यावर तिने बोटाने एक वेडीवाकडी रेघ काढून कुलूप घातलं, तेव्हा घरात आतून कडी लागणारं पहिलं दार तिला मिळालं. सिम नवऱ्याच्या नावावर असेल, ओटीपी पोराच्या फोनवर जात असेल, पण आईशी काय बोलायचं ते आता पुतण्या ठरवत नाही. नऊ न्यायमूर्तींचं म्हणणं खऱ्या अर्थाने कुणाला कळलं असेल तर तिला. पारावर बसून "आमच्या काळी काही लपवावं लागत नव्हतं" म्हणणारे लोक आहेत. त्यांनी कुणापासून काही लपवलं नाही, हे खरंच. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

सगळीकडे असणाऱ्या नजरेचा विषय निघाला की आठवतात ते याच जिल्ह्यातल्या नरसीचे नामदेव. गोरोबाकाकांनी सगळ्या संतांसमोर त्यांच्या डोक्यावर थापटणं मारून हे मडकं कच्चं असल्याचा निर्वाळा दिला, अशी कथा आहे. भर सभेत असा एक तारा मिळाल्यावर नामदेव गुरूच्या शोधात औंढा नागनाथला आले. तिथे विसोबा खेचर शिवपिंडीवर पाय ठेवून निवांत पडलेले. पाय काढा म्हटल्यावर विसोबा म्हणाले, मी थकलोय, जिथे देव नसेल तिथे तूच नेऊन ठेव. नामदेवांनी पाय उचलून जिथे ठेवावे तिथे पिंड उभी. हाच प्रयोग आज केला तर पाय ठेवू तिथे सीसीटीव्ही निघेल. बँकेत, मोंढ्यात, शाळेत, आणि देवळात तर "आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात" ही पाटी खुद्द देवाच्या डोक्यावर, जणू त्याच्या नजरेवर भरवसा उरलेला नाही.

देव आणि कॅमेरा या दोघांत फरक आहे तो एवढाच की देवाने आजवर इतकं पाहिलं, पण कुणाच्या सासूला जाऊन सांगितलं नाही. म्हणूनच लोक त्याच्यापुढे मन मोकळं करतात.

फोनचं तसं नाही. एका होतकरू नवरदेवाने रात्री पांघरुणात केस गळतीवर उपाय शोधले. साखरपुड्याच्या दिवशी मुलीच्या मामांनी फोटो बघायला फोन मागितला. तो हातोहात फिरला आणि व्हिडिओच्या मधोमध जाहिरात आली, टक्कल असलेला एक माणूस, मग तोच माणूस केसाळ. मामांनी फोन पाहिला, मग नवरदेवाचा फेटा पाहिला. मामा जुने, त्यांनी फोन खाली ठेवला आणि म्हणाले, "जेवणं उरकून घ्या." पण फोन तसाच हसऱ्या चेहऱ्याने दुसरी जाहिरात दाखवत होता.

यंत्राला जाणीव असते का, यावर जगभर मोठमोठे लोक वाद घालत आहेत. माझी कसोटी सोपी आहे. दुसऱ्याचं काही कळल्यावर ज्याला क्षणभर दुसरीकडे बघावंसं वाटतं, त्याला जाणीव आहे. मामांनी दुसरीकडे बघितलं. काकू लसणाकडे बघतात. चहावाला कपाकडे बघतो. फोन तुमच्याकडेच बघत राहतो.

आता त्याच औंढ्याजवळ, दुधाळा-अंजनवाड्याच्या शिवारात, जगातल्या सगळ्यांत तिखट कानांपैकी एक कान उभा राहणार आहे. लायगो-इंडिया ही वेधशाळा. २०१६च्या फेब्रुवारीत तत्त्वतः मंजुरी, २०२३च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाची पक्की मंजुरी, खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या, त्यांत लेसरचे किरण. विश्वात कुठे दोन कृष्णविवरं आदळली तर अवकाशात उठणाऱ्या लाटेने या नळ्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाइतकाही फरक पडला, तरी तो टिपायचा. देशभर जागा पाहून शांत म्हणून औंढा निवडलं. लग्नसराईत त्या पाहणीला कुणी आलं नसावं. इथल्या वरातीतला डीजे मोजायला प्रोटॉन पुरत नाही. १० जुलै २०२४च्या सकाळी ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला तोही याच जिल्ह्यात, आणि वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेची माणसं जमिनीतून येणारे आवाज कित्येक वर्षं ऐकत आली आहेत.

पण लायगोचं अवघड काम ऐकण्याचं नाहीच. त्याला ट्रक ऐकू येतो, रेल्वे ऐकू येते, वारा ऐकू येतो. अमेरिकेत हॅनफर्डला याचं एक केंद्र आहे. तिथे आकड्यांत विचित्र खडखड येऊ लागली. शोध घेतला तर बाहेरच्या गार नळीवर साचलेलं बर्फ डोमकावळे चोचीने टोचत होते. विश्वाच्या गुपितासाठी बांधलेल्या यंत्राने कावळ्यांची तहान टिपली. म्हणून यंत्राभोवती पुष्कळ लहान उपकरणं लावलेली असतात आणि त्यांचं काम इतकंच, कशाकडे दुर्लक्ष करायचं हे सांगणं. शिवाय एका केंद्राने ऐकलेलं सहसा खरं धरत नाहीत, दूरच्या दुसऱ्यानेही तेच ऐकलं पाहिजे. एका तोंडाची बातमी खरी मानायची नाही हे काकूंचंही धोरण आहे. त्या दळणाच्या गिरणीवरून दुजोरा घेतात.

तेव्हा उद्या शास्त्रज्ञ औंढ्यात भाड्याने खोली शोधायला येतील, त्यांना एक सांगणं आहे. घरमालक पहिल्या पाच मिनिटांत गाव, आडनाव, "म्हणजे मूळचे कुठले", पगार, लग्न आणि झालं नसेल तर का नाही, हे सगळं विचारेल. बिचकू नका. खरं सांगा किंवा "आहे आपलं" म्हणा, दोन्ही चालतं. शेवटी तो विचारेल, तुम्ही करता काय? मग तुम्ही सांगाल की २०१५च्या सप्टेंबरात पहिल्यांदा तो आवाज टिपला, १३० कोटी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती घिरट्या घालत घालत एक झाली, त्याचा.

घरमालक क्षणभर दुसरीकडे बघेल. मग खोलीची किल्ली तुमच्या हातावर ठेवत समजावणीच्या सुरात म्हणेल, "एक झाले ना साहेब? एकशेतीस कोटी वर्षं झाली ना? मग आता कशाला काढायलाव?"